दिवा कोणीही विकेल, तुम्ही बदल सांभाळून द्या



आजचा विषय वाचून काही जण म्हणतील, "सर, हे काय मधेच?" विषय आहे घरातल्या रीफ अ‍ॅक्वेरियमचे दिवे बदलण्याचा. खाऱ्या पाण्याची काचेची टाकी, तिच्यात मासे आणि जिवंत कोरल म्हणजे प्रवाळ. वरचे जुने दिवे काढायचे आणि नवे एलईडी बसवायचे. अ‍ॅक्वेरियम सर्व्हिसिंगच्या धंद्यात आहात किंवा यायचा विचार करताय, तर हे काम आज ना उद्या तुमच्याकडे येणार. आणि तुम्ही सोलर बसवत असाल, सीसीटीव्ही लावत असाल, गिरणीची मोटर बदलून देत असाल, तरी शेवटपर्यंत वाचा. कारण इथे दिसणारी चूक आपल्याकडे प्रत्येक धंद्यात होते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या कामात दिव्यावरच्या मार्जिनवर जगायचा विचार सोडा. गिऱ्हाईक दिवा विकत घेतं, पण त्याला खरी भीती असते ती आपल्या टाकीची. ती भीती जो सांभाळेल, तो टिकेल. बाकीचे फक्त खोकी पोचवतील.

आधी काम समजून घ्या

कोरल हा प्राणी आहे, झाड नाही. पण त्याच्या शरीरात झूझँथेली नावाचं एकपेशीय शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतं. म्हणजे रीफ टँकमध्ये दिवा शोभेसाठी नसतो, तो कोरलचा स्वयंपाकघरातला गॅस आहे. गॅस कमी पडला की कोरल उपाशी. आणि अचानक फार वाढला, तर ते शैवाल प्रकाश झेपेनासा होऊन कोरलच्या शरीराबाहेर फेकलं जातं. कोरल पांढरं पडतं. यालाच ब्लीचिंग म्हणतात. आठवडाभरात पांढरं पडलेलं कोरल पुन्हा रंगावर यायला महिने लागतात, आणि बऱ्याचदा ते येतही नाही.

पूर्वी रीफ टँकवर दोन प्रकारचे दिवे असायचे. एक मेटल हॅलाइड: भरपूर प्रकाश, पण उष्णताही भरपूर. दुसरा टी-५ फ्लुरोसंट नळ्या: सगळीकडे सारखा प्रकाश, पण नळ्या नऊ महिने ते वर्षभरात बदलाव्या लागतात. आता लोक एलईडीकडे वळतायत आणि त्यामागे फक्त हौस नाही. युरोपीय संघात ऑगस्ट २०२३ पासून सर्वसाधारण वापराच्या टी-५ आणि टी-८ नळ्या नव्याने बाजारात आणणं बंद झालं. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराच्या जिनिव्हातल्या २०२३ च्या बैठकीत फ्लुरोसंट दिव्यांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायचं ठरलं. मोठे कारखाने नळ्या बनवायचं थांबवतील, तेव्हा अ‍ॅक्वेरियमच्या खास नळ्या मिळणंही अवघड होत जाणार. म्हणजे ज्याला बदलायचं नाही, त्यालाही एक दिवस बदलावंच लागेल.

मित्रांनो, धंद्याच्या भाषेत याला सक्तीची मागणी म्हणतात. अशी मागणी आली की सगळे खोकी विकायला धावतात. तिथेच गडबड होते.

डोळा फसवतो, मीटर फसवत नाही

दिवा बदलताना नुकसान का होतं? कारण बसवणारा डोळ्याने अंदाज घेतो. आपल्या डोळ्याला हिरवा-पिवळा उजेड जास्त जाणवतो आणि निळा कमी. रीफचे एलईडी मुख्यतः निळे असतात. त्यामुळे जुन्या पांढऱ्या दिव्याशेजारी नवा एलईडी मंद वाटतो. गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, अंधारच वाटतोय, वाढवा ना जरा!" बसवणारा अ‍ॅप उघडतो आणि पट्टी सरळ १०० टक्क्यांवर नेतो. सगळे खूश. दहा दिवसांनी फोन येतो.

कोरलला लागणारा प्रकाश मोजायचं माप वेगळं आहे. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातले किती प्रकाशकण दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात, ते मोजतात. हौशी मंडळी त्याला 'पार' म्हणतात. ढोबळ मानाने मऊ कोरलला ५० ते १५० पार पुरतो, आणि बारीक फांद्यांच्या कठीण कोरलला २०० ते ३५० लागतो. मोबाइलमधलं लक्स मोजणारं अ‍ॅप इथे कामाचं नाही, कारण लक्स हे माणसाच्या डोळ्यासाठीचं माप आहे. पाण्याखाली चालणारा आणि निळा प्रकाश नीट पकडणारा पार मीटरच लागतो.

हा मीटर स्वस्त नाही. आयात करून हातात पडेपर्यंत अर्ध्या लाखाच्या आसपास जाऊ शकतो. म्हणूनच माझं म्हणणं आहे की दुकानाच्या पाटीवर पैसे घालण्याआधी मीटरवर घाला. एकट्याला झेपत नसेल तर तिघांनी मिळून घ्या. अमेरिकेत कितीतरी दुकानं आणि हौशी क्लब हा मीटर भाड्याने देतात. तुम्हीही देऊ शकता. ज्याच्याकडे मीटर आहे, त्याच्या शब्दाला आपोआप वजन येतं.

खोक्यावरचं मार्जिन का टिकत नाही

एलईडीचा इतिहासच बघा ना. सरकारी कंपनी ईईएसएल घाऊकमध्ये घरगुती एलईडी बल्ब घ्यायची. २०१४ च्या सुरुवातीला एका बल्बची खरेदी किंमत ३१० रुपये होती. २०१६ मध्ये ती ४० रुपयांच्या खाली आली. रीफचे दिवे इतके वेगाने पडणार नाहीत, पण दिशा तीच आहे. आज जी सोय महागड्या दिव्यात मिळते, ती चार वर्षांनी स्वस्त दिव्यात येणार.

आता साधा हिशेब मांडू. आकडे उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला.

समजा दिव्यांचा सेट ९०,००० रुपयांचा आहे आणि तुम्हाला ८ टक्के सुटतात. म्हणजे ७,२०० रुपये. गिऱ्हाइकाने मोबाइल काढला आणि तोच सेट ऑनलाइन ५,००० ने स्वस्त दाखवला. तुम्ही भाव जुळवलात. राहिले २,२०० रुपये. त्यात बसवणं, जाणं-येणं आणि पुढचे सहा महिने फोनवर उत्तरं देणं.

दुसरी बाजू बघा. तुम्ही म्हणता, "साहेब, दिवा कुठूनही घ्या. बदलायचं काम मी करून देतो. सहा आठवडे, पाच फेऱ्या, आधीची आणि नंतरची मोजणी, लेखी नोंद. त्याचे ११,०००." एका फेरीचा खर्च वेळ धरून ८०० रुपये पकडला तर ४,००० खर्च. हातात ७,०००. भांडवल अडकलं नाही, माल पडून राहिला नाही, आणि ऑनलाइन भाव दाखवून कोणी तुमचा घाम काढू शकत नाही. कारण तुमची मोजणी ऑनलाइन मिळत नाही.

"बिलातच वसूल होईल" हे वाक्य बंद करा

आपल्याकडे एलईडी विकताना हे वाक्य तोंडपाठ असतं. हिशेब करून बघू. दोन मेटल हॅलाइड, प्रत्येकी २५० वॅट, म्हणजे ५०० वॅट. नवा एलईडी सेट २०० वॅट. रोज ८ तास. फरक ३०० वॅटचा, म्हणजे दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२ युनिट. युनिटला १२ रुपये धरले तर महिन्याला ८६४ रुपये, वर्षाला १०,३६८. वर्षाला दोन बल्ब बदलायचे वाचले, समजा ८,०००. एकूण साधारण १८,४००. म्हणजे ९०,००० वसूल व्हायला जवळपास पाच वर्षं. मेटल हॅलाइडची उष्णता गेल्याने चिलर कमी चालेल, त्यामुळे थोडं लवकर.

टी-५ वरून बदलणाऱ्याचं बघा. ५४ वॅटच्या सहा नळ्या, ३२४ वॅट. फरक फक्त १२४ वॅट. महिन्याला ३० युनिट, ३६० रुपये. वर्षाला ४,३२०, आणि नळ्यांचे समजा ९,०००. वसुलीला पावणेसात वर्षं. इतक्या वर्षांत तो एलईडी चालेल की नाही, त्याचा सुटा भाग मिळेल की नाही, कोण छातीठोक सांगणार?

हा प्रश्न हवेतला नाही. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या पीएफओ कंपनीने सोलारिस नावाचा रीफसाठीचा एलईडी दिवा काढला होता. काळाच्या पुढचा माल. पेटंटच्या वादात कंपनी सापडली आणि काही वर्षांतच बंद झाली. ज्यांनी पैसे मोजले होते, त्यांना सुटे भाग कुठून मिळणार? म्हणून दिवा सुचवताना चमक बघू नका. पंखा बदलता येतो का, ड्रायव्हर वेगळा मिळतो का, दुरुस्ती भारतात होते का, हे तीन प्रश्न आधी विचारा.

आणि गिऱ्हाइकाला खरा हिशेब दाखवा. "साहेब, पाच-सात वर्षं लागतील वसूल व्हायला. पण नळ्या मिळायची कटकट जाईल, उन्हाळ्यात चिलरवरचा ताण कमी होईल." एवढं प्रामाणिकपणे सांगणारा माणूस विरळा असतो. गिऱ्हाईक त्याला सोडत नाही.

सहा आठवड्यांचं काम नेमकं काय?

कोणी विचारेल, दिवा टांगायला सहा आठवडे कशाला? तर हे बघा.

पहिली फेरी: जुना दिवा चालू असताना प्रत्येक महत्त्वाच्या कोरलजवळ पार मोजा. कागदावर टाकीचा नकाशा काढा, जागा आणि आकडा लिहा, फोटो काढा. हा कागद म्हणजे तुमचा पाया. पुढे वाद झाला तर तुमची ढालही हाच.

दुसरी फेरी: नवा दिवा लावा. फॉल्स सीलिंगच्या पत्र्याला कधीही टांगू नका, स्लॅबला अँकर घ्या. वायरीला खाली झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता खालीच टपकेल. खारं पाणी आणि वीज शेजारी आहेत, तेव्हा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यायला सांगा, मगच काम धरा. नवा दिवा टक्क्यांवर लावू नका, आकड्यावर लावा. जुन्या नोंदीत जिथे २०० होतं, तिथे सुरुवातीला १६०-१८० ठेवा.

पुढच्या फेऱ्या: गरज असेल तरच आठवड्याला साधारण १० टक्क्यांनी वाढवा. रंग फिका पडतोय, पॉलिप आत ओढलेले दिसतायत, तर एक पायरी मागे या. कोरल तपकिरी होतंय तर बहुधा प्रकाश कमी पडतोय. एलईडीचा प्रकाश एका ठिकाणाहून येतो, त्यामुळे फांद्यांच्या खाली सावली पडते. टी-५ मध्ये हे जाणवत नव्हतं. गरज पडली तर दिवा उंच घ्या किंवा एक दिवा वाढवा. या काळात मीठ, खाद्य, पंपाची दिशा यांपैकी काहीही बदलू देऊ नका. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या की बिघाड कशाने झाला ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

एक गोष्ट भले भले विसरतात. मेटल हॅलाइड गेला की टाकीतलं पाणी कमी उडतं. काही जण भरपाईच्या गोड्या पाण्यातूनच चुन्याची निवळी देत असतात, कोरलला कॅल्शिअम मिळावं म्हणून. पाणी कमी उडालं की भरपाई कमी, म्हणजे चुनाही कमी. दोन आठवड्यांत अल्कलिनिटी घसरते आणि सगळे नव्या दिव्याला शिव्या देतात. हिवाळ्यात रात्री हीटर जास्त चालायला लागतो, तेही बघा. हे आधीच ओळखून सांगणारा माणूस गिऱ्हाइकाच्या लेखी डॉक्टर असतो. आणि डॉक्टरच्या फीमध्ये कोणी घासाघीस करत नाही.

"पण सर, मार्केट किती छोटं आहे!"

हा आक्षेप खरा आहे, मी तो उडवून लावणार नाही. महाराष्ट्रात रीफ टँक ठेवणारी घरं मोजकीच. फक्त यावर घर चालवायला निघालात तर उपास घडतील. पण हेच मीटर, हीच पद्धत गोड्या पाण्यातल्या प्लांटेड टँकला लागू होते. तिथे प्रकाश अचानक वाढवला की कोरल पांढरं पडत नाही, सगळ्या टाकीवर शेवाळ चढतं. नोंद, हळूहळू वाढ, फेऱ्या, सगळं तेच. हॉटेलं, दवाखाने, ऑफिसांतल्या टाक्या धरल्या तर काम बरं मिळतं. रीफ टँक तुमचं नाव करेल, प्लांटेड टँक तुमचं दुकान चालवेल.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि इथे मी अजिबात ढिलाई करणार नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. म्हणजे त्यांना वाघाच्या रांगेतलं संरक्षण आहे. मालवणच्या समुद्रात, जिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथून किंवा देशातल्या कुठल्याही किनाऱ्यावरून कोणी तोडून आणलेला तुकडा "स्वस्तात देतो" म्हणत असेल, तर हात जोडा आणि निघा. पहिल्या अनुसूचीतल्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. परदेशातून आणलेल्या कठीण कोरलवरही साइट्स कराराची बंधनं आहेत. गिऱ्हाइकाच्या टाकीत काय आहे आणि त्याचे कागद आहेत का, हे पहिल्याच फेरीत विचारा. कागद नसतील तर काम धरू नका. एका कामाचे ७,००० गेले तरी चालतील. दुबई, सिंगापूर, न्यू जर्सीतल्या वाचकांनो, तुमच्याकडचे नियम वेगळे असतील, पण कागद मागायची सवय हीच ठेवा.

कधी नाही म्हणायचं

शेवटचा मुद्दा थोडा कडू आहे. जुना दिवा नीट चालतोय, नळ्या अजून मिळतायत, कोरल वाढतायत, आणि गिऱ्हाईक केवळ शेजाऱ्याकडे नवा दिवा आला म्हणून बदलायचं म्हणतंय. अशा वेळी स्पष्ट सांगा, "आत्ता गरज नाही. दोन सेट नळ्या घेऊन ठेवा. पुढच्या वर्षी बघू." आजचं बिल जाईल. पण हा माणूस दहा जणांना सांगेल की तो पोरगा उगाच माल गळ्यात मारत नाही. मराठी उद्योजकाची जाहिरात अजूनही याच तोंडी होते.

टाकीतलं कोरल पाच-सहा वर्षं वाढवलेलं असतं. कोणाच्या मुलाने त्यातल्या माशांना नावं ठेवलेली असतात. ते तुमच्या हातात दिलं जातं, तेव्हा तुमची घाई ही त्याची जोखीम असते. म्हणून माझ्या मते हळू काम करणं हीच इथली खरी सेवा आहे, आणि हळू कामाचे पैसे मागायला लाजू नका.

या आठवड्याचं काम

तुमचा धंदा कुठलाही असो. एक कागद घ्या. तुम्ही गिऱ्हाइकाकडे जुनं काढून नवं काय बसवता, ते लिहा. मग तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. बदलताना गिऱ्हाइकाचं सगळ्यात मोठं नुकसान काय होऊ शकतं? ते होऊ नये म्हणून आधी काय मोजायला हवं? आणि बसवल्यानंतर किती दिवस लक्ष ठेवायला हवं? या तीन उत्तरांची किंमत लावा आणि ती तुमच्या कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत टाका. मालाच्या किमतीत लपवू नका.

पहिलं गिऱ्हाईक विचारेल, "हे कसले पैसे?" तेव्हा तुमचा नोंदीचा कागद पुढे करा आणि शांतपणे समजावून सांगा. तिसऱ्या-चौथ्या गिऱ्हाइकापर्यंत ती ओळच तुमची ओळख झालेली असेल.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत काम करत राहा, हिशेब लिहीत राहा!